पाचव्या फोनवरचा सौदा

शैलेंद्रने दिगंबरकाकांना पहिला फोन केला तेव्हा त्याच्या मनात पाप नव्हतं, हे त्याच्या बाजूने आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे त्याच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं काही उरणार नाही.

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या दहा मराठी लोकांची एक बेसबॉल लीग होती. मैदानावर उतरणारी नव्हे. त्यातल्या निम्म्यांना बेसमेंटचा जिना चढतानाच धाप लागायची. ही कागदावरची लीग. खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकाने आपापली टीम निवडायची, आणि ते खेळाडू खऱ्या सामन्यांमध्ये जे दिवे लावतील त्याचे गुण आपल्या टीमला मिळायचे. सीझन संपला की प्रत्येकाने चार खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखायचे, बाकीचे सोडून द्यायचे. मग हिवाळाभर ट्रेड चालायचे. तुझा हा दे, माझा तो घे. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत हा बाजार, असं चौदा वर्षं चाललं होतं.

जिंकणाऱ्याला मिळायची एक पितळी घागर. सत्यजितच्या आईने ती नागपूरहून सामानात घालून आणली होती आणि इथे तिचं काय करायचं ते कुणालाच कळलं नव्हतं. सत्यजित लीगचा कमिशनर, म्हणून ती लीगची झाली. लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं दरवर्षी विजेत्याचं नाव तिच्यावर घालायचे. दिगंबरकाकांचं नाव चार वेळा होतं. शैलेंद्रचं एकदाही नव्हतं. म्हणजे होतं, पण कसं? त्याची मुलगी अनिका तीन वर्षांपूर्वी लीगमध्ये आली आणि दुसऱ्याच वर्षी जिंकली. सत्यजितने हौसेने 'चि. अनिका शैलेंद्र' असं कोरून घेतलं. बापाचं नाव घागरीवर चढलं ते मुलीच्या मागून. सगळे हसले, शैलेंद्रही हसला, आणि घरी येऊन त्याने बायकोला, यामिनीला, विचारलं की यात हसण्यासारखं नेमकं काय होतं.

आता काकांबद्दल. दिगंबरकाका त्र्याहत्तर साली सांगलीहून आले आणि एका मोटार कंपनीत ड्रॉइंग करता करता रिटायर झाले. बेसबॉल शिकले ते गाडीतल्या रेडिओवर, कामावरून घरी येताना. चौऱ्याऐंशी साली डेट्रॉइट जिंकलं तेव्हाचा एकेक सामना त्यांना पाठ होता. नव्याण्णव साली शैलेंद्र औरंगाबादहून एम.एस. करायला डेट्रॉइटला आला, तेव्हा त्याच्याकडे धड कोटही नव्हता. काकांनी त्याला आपला जुना कोट दिला आणि त्याच सप्टेंबरात, जुनं स्टेडियम बंद व्हायच्या आधी, मॅचला नेलं. शेजारी बसवून पेन्सिलीने स्कोअरकार्ड भरायला शिकवलं. "पेन वापरायचं नाही," ते म्हणाले होते. "अंपायरसुद्धा चुकतो, आपण कोण?"

लीगमधला सगळ्यात मोठा नियमही काकांचाच. ट्रेड तोंडी व्हायचा. फोनवर शब्द दिला की दिला, ईमेल नाही, सही नाही. संक्रांतीच्या जवळच्या शनिवारी दुपारी सगळे सत्यजितच्या बेसमेंटमध्ये जमायचे, सत्यजित ट्रेडची यादी वाचायचा, ज्यांच्यात सौदा झाला त्यांनी एकमेकांना तिळगूळ द्यायचा, आणि त्यानंतर वर्षभर कुणी कुरकूर करायची नाही. गोड बोला म्हटलं की बोलायचंच. अमेरिकेत दुसरीकडे कुठे बेसबॉलचा ट्रेड तिळगुळावर पक्का होत असेल असं वाटत नाही.

तर पहिला फोन नोव्हेंबरच्या सुरुवातीला झाला. काकांकडे ब्रॅनिगन नावाचा पिचर होता, बावीस वर्षांचा, डेट्रॉइटचा. तो शाळकरी असल्यापासून काकांनी हेरून ठेवलेला. गेल्या वर्षी त्याच्यापुढे भले भले फलंदाज बॅट खांद्यावर टाकून परत जात होते. ब्रॅनिगन ज्याच्याकडे, घागर त्याच्याकडे, हे पुढची पाच वर्षं तरी ठरल्यासारखं होतं.

"काका, ब्रॅनिगन देता का?" शैलेंद्रने विचारलं.

"घर माग," काका म्हणाले. "गाडी माग. ब्रॅनिगन मागू नकोस." दोघंही हसले आणि विषय संपला.

त्यानंतर दोन आठवड्यांनी पहिला बर्फ पडला. शोभाकाकू बर्फात फ्रीवेवर गाडी चालवायच्या नाहीत, म्हणून काकांना डॉक्टरकडे न्यायला शैलेंद्र गेला. कसला डॉक्टर हे त्याने विचारलं नव्हतं. दारावरची पाटी वाचून त्याला कळलं. काकांना आत नेल्यावर काकू त्याच्या शेजारी बसल्या, पर्सचा बंद दोन्ही हातांत घट्ट धरून.

"जुनं सगळं आठवतं रे त्यांना," त्या म्हणाल्या. "सकाळचं मात्र संध्याकाळी नसतं. मी घरात सांभाळून घेते. पुन्हा विचारलं की पुन्हा सांगते, पहिल्यांदाच सांगतेय अशी. त्यांना वाटतं, थोडंफार विसरायला होतं, वय झालं. किती विसरायला होतं ते मी त्यांना कळू देत नाही. तूही कुणाला बोलू नकोस. यामिनीलासुद्धा नको."

"नाही बोलणार काकू," शैलेंद्र म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. ते खरं होतं, हेही सांगायला हवं.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी त्याने फोन केला तो निव्वळ चौकशीसाठी. काकांच्या घरी अजून लँडलाइन होती. काकूंनी उचलला आणि "अहो, शैलेंद्र आहे" म्हणून काकांकडे दिला. थोडं हवापाणी झाल्यावर काकांनीच विषय काढला. "काय, ट्रेडबिड करतोयस की नाही? माझ्याकडे कुणी काही मागितलंच नाही या वर्षी."

शैलेंद्रने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "ब्रॅनिगन देता?"

"घर माग," काका म्हणाले. "गाडी माग." आणि तसेच हसले.

माणसाच्या मनात पाप शिरतं ते असं, सज्जनपणाच्या फोनमधून. शैलेंद्रचं काम गाड्यांचे ब्रेक टेस्ट करण्याचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि काय होतं ते टिपायचं, हे त्याने पंचवीस वर्षं केलेलं. काकांचा नकार दर वेळी पुसला जात होता. म्हणजे नकार कधी खर्चच होत नव्हता. होकार मिळेपर्यंत विचारत राहता येत होतं. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःची शिसारी आली. पुढच्या रविवारी त्याने परत फोन केला.

तिसऱ्या फोनवर त्याने दोन तरुण खेळाडू देऊ केले. काका म्हणाले, पोरंसोरं नकोत. चौथ्या फोनवर त्याने युक्तिवाद बदलला. काका, तुमची टीम आता रीबिल्डला आलीय, एक मोठा मोहरा देऊन चार घ्या, असं सांगून पाहिलं. काका म्हणाले, "या वयात रीबिल्ड कसला करायला लावतोस? मला याच वर्षी जिंकायचंय." आणि मग, जाता जाता, "आता ओकॅम्पो असता तर गोष्ट वेगळी. काय बॅट होती रे त्याची!"

ओकॅम्पो हा डेट्रॉइटचा जुना फलंदाज. दहा वर्षांपूर्वी काका त्याच्यासाठी पोटतिडकीने भांडायचे. आता तो एकोणचाळीस वर्षांचा होता, खांद्याची दोन ऑपरेशनं झालेली, फ्री एजंट होऊन वर्ष उलटलं तरी एकाही टीमने त्याला घेतलं नव्हतं. या कागदी लीगमध्येही तो बेवारशीच पडला होता. शैलेंद्रने शनिवारी त्याला उचलून आपल्या यादीत टाकला आणि रविवारी पाचवा फोन केला.

"ओकॅम्पो?" काकांचा आवाज एकदम तरुण झाला. "तुझ्याकडे आहे? आणि तू देतोयस?"

"तुमच्यासाठी म्हणून देतो, काका."

"ब्रॅनिगनच्या बदल्यात…" काका थोडा वेळ विचार करत होते. त्या तेवढ्या वेळात शैलेंद्रला बोलता आलं असतं. "दिला," काका म्हणाले. "शब्द."

शैलेंद्र खोटं एक अक्षरही बोलला नव्हता. पुढच्या महिन्याभरात त्याने हे स्वतःला इतक्या वेळा बजावलं की त्यावरूनच ओळखावं.

संक्रांतीच्या शनिवारी दुपारी सत्यजितच्या बेसमेंटमध्ये नेहमीसारखा कलकलाट होता. वर बायका हळदीकुंकवाचं बघत होत्या, खाली हे उंटावरचे शहाणे डेट्रॉइटची टीम चालवत होते. डेट्रॉइटने नुकताच एक चौतीस वर्षांचा फ्री एजंट पिचर सहा वर्षांच्या करारावर घेतला होता, त्यावरून सत्यजित आणि अनिकाची जुंपली होती. लष्कराच्या भाकऱ्या भाजताना ही माणसं जितकी तापतात तितकी स्वतःच्या नोकरीवरून तापत नाहीत.

"सहा वर्षं बे!" सत्यजित ओरडला. "चाळीस वर्षांचा होईल तो! त्याला काय स्टेडियमवर हात धरून नेणार का?"

"इट्स अबाउट द फर्स्ट थ्री इयर्स, सत्यजितकाका," अनिका म्हणाली. ती डेट्रॉइटमध्ये फिजिकल थेरपिस्ट होती आणि कुणाचा खांदा किती वर्षं टिकेल यावर तिचा शब्द शेवटचा असायचा. "यू विन नाउ, अँड देन यू राइट ऑफ द रेस्ट."

"आणि पोरं कोण वाढवणार? आधी रीबिल्ड करा ना यार नीट."

"रीबिल्ड म्हणजे काय सांगू?" कोपऱ्यातल्या खुर्चीतून दिगंबरकाका म्हणाले आणि सगळे गप्प झाले. "रीबिल्ड म्हणजे दर पाच वर्षांनी लोकांना सांगायचं, थोडं थांबा. मी चाळीस वर्षं थोडा थांबतोय."

बेसमेंट हास्याने दणाणलं. शैलेंद्र सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला. बघा, त्याने स्वतःला सांगितलं, काका ठणठणीत आहेत. काकू उगाच घाबरतात. एवढा हजरजबाबी माणूस काय शब्द दिला ते विसरेल का? आपण काय चोरी केलीय?

मग सत्यजितने यादी वाचायला घेतली. पहिले दोन ट्रेड किरकोळ होते, तिळगूळ देऊन झाले. तिसऱ्यापाशी तो थांबला, चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला.

"दिगंबरकाका देणार ब्रॅनिगन," तो म्हणाला. "शैलेंद्र देणार… ओकॅम्पो?"

बेसमेंटमध्ये हसण्याचा फवारा उडाला. "काय बे शैल्या," सत्यजित म्हणाला, "आवळा देऊन कोहळा काढलास की! अन् आवळा तरी कुठला, बी दिली त्याची!"

"आजोबा," अनिका काकांकडे वळली. तिला हसू आलं नव्हतं. "ओकॅम्पो? ही इज नॉट ईव्हन ऑन अ टीम."

काका हसत नव्हते आणि रागावलेही नव्हते. त्यांनी शैलेंद्रकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप असता तर बरं झालं असतं. गर्दीत रस्ता चुकलेला माणूस एखाद्या ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहतो तसं त्यांनी पाहिलं.

"शैलेंद्र," त्यांनी हळू विचारलं, "आपलं बोलणं झालं होतं?"

आता सगळे त्याच्याकडे बघत होते. नाही म्हटलं असतं तर तिथेच सुटला असता. पण नाही म्हटलं तर यादीत नाव कुणी दिलं? खरं सांगावं तर सगळंच सांगावं लागणार होतं, दहा जणांसमोर, काकांसमोर, काकूंना दिलेला शब्द मोडून. आणि खरं सांगायचं तर एवढा सगळा विचार त्याने तेव्हा केलाच नव्हता, तो नंतर केला. तेव्हा त्याला फक्त ब्रॅनिगन दिसत होता.

"हो काका," तो म्हणाला. "झालं होतं."

"मग झालं," काका म्हणाले आणि ताठ बसले. "हसता काय? शैलेंद्र म्हणतो झालं, म्हणजे झालं. मी शब्द दिलाय. ओकॅम्पोमध्ये अजून दम आहे." त्यांनी ताटलीतला तिळगूळ उचलून शैलेंद्रच्या तळहातावर ठेवला. त्यांची बोटं गार होती. आपला तिळगूळ त्यांना देताना शैलेंद्रला त्यांच्याकडे बघवलं नाही.

निघताना वर कोटांच्या ढिगाऱ्यापाशी काकूंनी त्याला गाठलं. खाली काय झालं ते त्यांना अजून कळलं नव्हतं. "तुला एक सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "तू दर रविवारी फोन करतोस ना, फार बरं वाटतं बघ. हल्ली कोण फोन करतं त्यांना? बोलायला लागले की अडखळतात, लोकांना कंटाळा येतो. तू अर्धा अर्धा तास बोलतोस. फोन ठेवला की दिवसभर खुशीत असतात. का ते सांगता येत नाही त्यांना, पण खुशीत असतात." त्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "पोटच्या पोराने केलं नसतं."

शैलेंद्रला कोटाची बाही सापडेना.

गाडीत अनिका पुढे बसली होती, यामिनी मागे. फ्रीवेला लागेपर्यंत अनिका हीटरची बटणं फिरवत होती. मग म्हणाली, "बाबा, हाउ डिड यू गेट हिम?"

"विचारलं, त्यांनी दिला."

"ही टोल्ड मी ही वुड नेव्हर… डिड ही नो ओकॅम्पो वॉज डन?"

"बर्फ आहे रस्त्यावर," शैलेंद्र म्हणाला. "मला ड्राइव्ह करू दे."

अनिकाने मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिला स्कोअरकार्ड भरायला काकांनीच शिकवलं होतं, पेन्सिलीने. यामिनी मागून म्हणाली, "काय झालंय?" शैलेंद्रने वायपरचा वेग वाढवला.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. चार दिवस शैलेंद्रला जेवण गेलं नाही. लॅबमध्ये ब्रेकचे आकडे टिपताना त्याला आपले पाच फोन आठवायचे, एका वेळी एकच गोष्ट बदललेले. यामिनीने दोनदा विचारलं, तो अ‍ॅसिडिटी म्हणाला. पाचव्या दिवशी त्याने सत्यजितला फोन करून सांगितलं की ट्रेड कॅन्सल कर.

"तिळगूळ झाल्यावर?" सत्यजित म्हणाला. "चौदा वर्षांत कोणी केलं नाही असं. कारण काय सांगू लोकांना?"

"मी फसवलं म्हणून सांग."

"अरे, सगळेच फसवतात, त्यालाच तर ट्रेड म्हणतात! काकांनी मला दोनदा फसवलंय." सत्यजितला भलतीच मजा वाटत होती. मग तो जरा नरमला. "हे बघ, उलटा ट्रेड कर. महिनाअखेरपर्यंत चालतं. तू ब्रॅनिगन दे, ते ओकॅम्पो देतील. पण शब्द काकांचा पाहिजे. त्यांनी हो म्हटलं पाहिजे."

म्हणून रविवारी सकाळी शैलेंद्र फोन न करता सरळ काकांच्या घरी गेला. सोपं काम आहे असं त्याला वाटत होतं. काकांना चांगला माल परत द्यायचाय, त्याला कोण नाही म्हणेल?

काका हॉलमध्ये उन्हात बसले होते. त्याला बघून खूष झाले. काकू स्वयंपाकघरात चहा टाकायला गेल्या. शैलेंद्रने वेळ घालवला नाही.

"काका, ट्रेड करायचाय. मला ओकॅम्पो द्या, मी तुम्हाला ब्रॅनिगन देतो."

काका त्याच्याकडे बघत राहिले आणि मग खो खो हसले. "लेका, ब्रॅनिगन माझाच आहे! माझाच मला विकतोस?"

"नाही काका, तो आता माझ्याकडे आहे. तुम्ही दिलात."

"मी? ब्रॅनिगन?" हसू ओसरलं. "शक्य नाही. घर देईन एक वेळ."

इथे शैलेंद्रने थांबायला हवं होतं. काही तरी बहाणा करून निघता आलं असतं, काकूंशी बाजूला बोलता आलं असतं. पण आठवडाभर त्याच्या छातीवर धोंडा होता आणि तो उतरवायची त्याला घाई झाली होती. धोंडा उतरवताना तो कुठे ठेवतोय ते त्याने पाहिलं नाही.

"काका, मी तुम्हाला फसवलं," तो म्हणाला आणि मग त्याला थांबता येईना. त्याने सगळं सांगितलं. दवाखान्यात काकू काय म्हणाल्या ते सांगितलं. पहिला फोन, दुसरा, तिसरा, चौथा, प्रत्येक अर्ध्या तासाचा. दर वेळी काका काय म्हणाले, दर वेळी तो काय शिकला. ओकॅम्पो शनिवारी उचलला आणि रविवारी विकला ते. बेसमेंटमध्ये त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो हो म्हणाला ते. सांगता सांगता खरं सांगायचं तर त्याला हलकं वाटायला लागलं. "मला माफ करा, काका," तो म्हणाला.

काका ब्रॅनिगनबद्दल काहीच बोलले नाहीत.

"किती फोन?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"पाच." त्यांनी उजव्या हाताची बोटं दुमडून मोजली, अंगठ्यापासून. "आणि प्रत्येक वेळी मी तुझ्याशी हेच बोललो? घर माग, गाडी माग?"

शैलेंद्रने खाली गालिच्याकडे पाहिलं.

"अर्धा अर्धा तास?"

"काका…"

"मला एकही आठवत नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, हवामान सांगावं तसा. "दोन-तीन विसरलो असतो तर… पाचातला एकही नाही. म्हणजे बाकीचंही असंच असणार. रोजचं. शोभा म्हणते थोडं विसरायला होतं." त्यांनी वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. "शोभा, थोडं म्हणजे किती गं?"

काका उठले, खुर्चीचा हात धरून सावरले आणि काही न बोलता आतल्या खोलीत गेले. दार लावून घेतलं.

काकूंनी ट्रे टेबलावर ठेवला. शैलेंद्रला वाटलं, त्या आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं असतं, त्याची तशी तयारी होती.

"दोन वर्षं," त्या हळू म्हणाल्या, आत ऐकू जाऊ नये अशा. "दोन वर्षं मी हे त्यांच्यापासून लपवलं. दिवसाला दहा वेळा खोटं बोलून. तू त्यांचा खेळाडू घेतलास, ते मी विसरले असते रे. खेळच तो. पण आज तू आलास ते स्वतःला बरं वाटावं म्हणून आलास." त्यांनी पदराने डोळे टिपले. "बरं वाटलं का?"

शैलेंद्रला रडू फुटलं. पन्नाशीचा माणूस, तोंडावर हात धरून रडत होता.

"रडू नकोस, आत ऐकू जाईल," काकू म्हणाल्या. "सत्यजितला मी फोन करून सांगते की ह्यांनी हो म्हटलं. तुझा तो ब्रॅनिगन परत दे. कारण कुणाला काही सांगायचं नाही, अनिकालाही नाही. ह्यांचं नाव त्या लोकांत आहे तसं राहू दे."

वीसेक मिनिटांनी आतलं दार उघडलं. काका बाहेर आले ते हळूहळू, भिंतीला हात लावत. चेहरा उतरलेला होता, डोळे लाल होते. शैलेंद्रला बघून ते थबकले, मग त्यांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली.

"शैलेंद्र! कधी आलास?"

"आत्ताच, काका," शैलेंद्र म्हणाला.

काका त्याच्या शेजारी सोफ्यावर बसले. नेहमी खुर्चीत बसत, आज त्याच्या अगदी जवळ बसले. त्यांनी हात छातीवर ठेवला आणि इकडेतिकडे पाहिलं, काही तरी हरवल्यासारखं.

"काय झालं हो?" काकूंनी विचारलं.

"कळत नाही. छातीत कसं तरी होतंय. कुणी तरी फार वाईट बातमी सांगितल्यासारखं." त्यांनी काकूंकडे बघितलं. "कुणी काही म्हणालं का गं मला?"

"नाही हो. कोण काय म्हणणार?"

काकांना ते पटलं नाही. ते शैलेंद्रकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ही मला हल्ली काही सांगत नाही. मी घाबरेन म्हणून. तू सांग. तू माझ्याशी खोटं बोलायचा नाहीस. कुणी काही म्हणालं का मला?"

काकू ट्रेमधले कप उगाच सरळ करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. शैलेंद्रने काकांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"नाही काका," तो म्हणाला. "कुणीच काही म्हणालं नाही."

"नक्की?"

"नक्की."

काकांनी सुस्कारा सोडला आणि त्याचा हात थोपटला. "मग बरं," ते म्हणाले. "चहा घे, गार होईल."